विहीर की बोगदा? कृष्णविवराच्या पलीकडे काय असेल, याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुर्बिणीतून शनीची कडी बघून झाली, गुरूचे चंद्र मोजून झाले, की सतरंजीवर चहाचे कप फिरतात आणि प्रश्न सुरू होतात. पहिला प्रश्न परग्रहावरच्या माणसांचा. दुसरा ठरलेला: कृष्णविवरात पडलं तर निघतो कुठे? मावळातल्या एका शाळेत सातवीतल्या मुलानं तो सगळ्यांत नेमका विचारला होता. "सर, ती विहीर असती का बोगदा?" विहिरीला तळ असतो, बोगद्याला दुसरं तोंड. त्या रात्री मी "विहीर" असं सांगून मोकळा झालो. खरं उत्तर द्यायचं तर जरा लांबण लावावी लागते. ती खाली लावली आहे.

एका वाक्यात सांगा, पलीकडे काही आहे का?

आजवरच्या निरीक्षणांत पलीकडचं काहीही दिसलेलं नाही. गणितात मात्र दोन-तीन वाटा उघड्या दिसतात, आणि त्यांतल्या बहुतेक जरा धक्का लागला की ढासळतात.

कृष्णविवर म्हणजे भोकच ना? मग भोकाला दुसरी बाजू हवीच.

घोळ शब्दानं केलाय. आपल्याकडे विवर म्हटलं की लोणार डोळ्यांसमोर येतं. काठावर उभं राहायचं, आत डोकवायचं, खाली पाणी. पण कृष्णविवर हा खड्डा नाही, गोळा आहे. कुठल्याही बाजूनं जा, सारखाच काळा. लांबून त्याला प्रदक्षिणाही घालता येते.

या गैरसमजात माझाही वाटा आहे. कितीतरी वर्षं मी चार मुलांना चादर ताणून धरायला लावायचो, मधोमध लोखंडी गोळा ठेवायचो आणि कडेनं गोट्या सोडायचो. गोट्या गोल गोल फिरत गोळ्याकडे जायच्या, मुलं खूश. पण चादरीला खालची बाजू असते. गोळा खाली लोंबतो, आणि बघणाऱ्याच्या डोक्यात बसतं की कृष्णविवर कुठंतरी "खाली" उघडतं. एकदा चादर जुनी होती. ती टरकली आणि गोळा धाडकन फरशीवर पडला. "पलीकडं गेला!" म्हणून सगळ्या वर्गानं टाळ्या पिटल्या. तेव्हापासून चादर घरीच राहते.

त्यापेक्षा आकार सांगितलेला बरा. सूर्य दाबून दाबून सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येत कोंबला तर त्याचं कृष्णविवर होईल. पृथ्वीसाठी ही त्रिज्या जेमतेम ९ मिलिमीटर, म्हणजे अख्खी पृथ्वी खेळायच्या गोटीत. लोणारच्या १.८ किलोमीटर व्यासाच्या विवराएवढं कृष्णविवर हवं असेल, तर सूर्याच्या साधारण तीन दशांश वस्तुमान लागेल. (असं काही निसर्गात तयार होताना दिसत नाही. मोठे तारे मरून झालेली कृष्णविवरं सूर्याच्या काही पट तरी असतात.)

त्या गोळ्याला पृष्ठभाग असतो का? काही लागतं का हाताला?

काहीच नाही. त्या सीमेला घटना क्षितिज म्हणतात. तिथून आत गेलेला प्रकाशही बाहेर येत नाही. पण तिथं भिंत नाही, पडदा नाही, पाटी नाही. मोठ्या कृष्णविवरात पडणाऱ्याला आपण क्षितिज कधी ओलांडलं ते कळणारसुद्धा नाही.

मग आत गेल्यावर सरळ जात राहिलं तर पलीकडच्या बाजूनं बाहेर का पडत नाही?

सगळी मेख याच प्रश्नात आहे, म्हणून इथं जरा थांबू.

मराठीत 'पुढे' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. "पुढे चौकातून डावीकडे वळा" यातला पुढे रस्त्यावरचा आहे. "पुढे बघू" यातला पुढे काळातला. रोजच्या जगण्यात या दोन पुढेंची गल्लत होत नाही. रस्त्यावर आपण थांबू शकतो, मागे वळू शकतो, पानटपरीवर उभे राहू शकतो. काळात तशी सोय नाही. मंगळवारी रात्री कितीही जोरात पळा, कुठल्याही दिशेला पळा, बुधवार येतोच.

आइन्स्टाइनच्या समीकरणांनुसार क्षितिजाच्या आत या दोन पुढेंची अदलाबदल होते. बाहेर असताना केंद्र ही एक जागा होती: तिकडे जायचं की नाही, आपल्या हातात. आत गेल्यावर केंद्र ही जागा राहत नाही, तो येणारा क्षण होतो. केंद्र आपल्या समोर नसतं, आपल्या उद्यात असतं. म्हणून त्याला वळसा घालून पलीकडे जाता येत नाही, जसा बुधवारला वळसा घालून गुरुवारात जाता येत नाही.

थोडक्यात, "कृष्णविवराच्या पलीकडे कुठे?" हा प्रश्नच क्षितिजाशी बदलतो. आत गेल्यावर त्याचं खरं रूप "त्या शेवटच्या क्षणानंतर काय?" असं होतं. विहीर आणि बोगदा दोन्ही जागेतल्या गोष्टी, त्यामुळे त्या मुलाला मी दिलेलं उत्तर तेवढ्यापुरतं चुकीचंच होतं.

तो शेवटचा क्षण यायला किती वेळ लागतो?

कृष्णविवर किती मोठं त्यावर. न फिरणाऱ्या कृष्णविवरासाठी हा हिशेब वहीत करता येतो. सूर्याच्या दहापट वस्तुमान असेल तर क्षितिजापासून शेवटापर्यंत जास्तीत जास्त सेकंदाचा साडेसहा हजारावा भाग. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर धनू अ-तारांकित नावाचं, ४३ लाख सूर्यांएवढं कृष्णविवर आहे. तिथं सुमारे ६६ सेकंद, एका जाहिरातीएवढा वेळ. कन्या राशीतल्या एम-८७ या दीर्घिकेच्या मध्यावरचं कृष्णविवर ६५० कोटी सूर्यांचं आहे. तिथं मात्र २८ तास मिळतात. डबा नेला तर दोन वेळचं जेवण होईल.

रॉकेट पेटवून कितीही धडपड केली तरी ही कमाल मर्यादा ओलांडता येत नाही. चुकीचा जोर लावला तर आहे तो वेळही घटतो.

आणि माणसाची शेवई होते, ते खरं का?

खरं, पण कुठे होते हे महत्त्वाचं. पाय केंद्राच्या जवळ, डोकं जरा लांब. त्यामुळे पायांवरची ओढ जास्त. दहा सूर्यांच्या कृष्णविवराच्या क्षितिजापाशी डोकं आणि पाय यांच्यातल्या ओढीचा फरकच पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दोन कोटी पट. म्हणजे क्षितिज दिसायच्या आधीच शेवया. धनू अ-तारांकितच्या क्षितिजाशी हाच फरक इतका किरकोळ की कळणारही नाही. तिथं शेवया आत गेल्यावर होतात, शेवटी शेवटी.

बाहेर थांबलेल्या मित्राला काय दिसतं?

पडणारा मंदावत जातो, लालसर होतो, पुसट होतो आणि विझतो. क्षितिज ओलांडताना तो कधीच दिसत नाही. एकाच पडण्याच्या या दोन हकिकती आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

मग तळाशी असतं तरी काय?

पुस्तकी उत्तर: सिंग्युलॅरिटी, जिथं घनता आणि अवकाशाची वक्रता अनंत होते. प्रामाणिक उत्तर: तिथं गणित मोडतं. भागाकारात छेदस्थानी शून्य आलं की कॅल्क्युलेटर 'एरर' दाखवतो, तसं. 'एरर' ही काही कॅल्क्युलेटरच्या पोटातली वस्तू नसते.

ही अडचण पहिल्या दिवसापासूनची आहे. १९१५ च्या डिसेंबरात, पहिल्या महायुद्धात रशियाच्या आघाडीवर असताना कार्ल श्वार्झशिल्ड या जर्मन खगोलशास्त्रज्ञानं आइन्स्टाइनच्या नव्याकोऱ्या समीकरणांचं उत्तर काढून त्याला पत्रानं कळवलं. पाच महिन्यांत तो आजारानं गेला. त्या उत्तरात केंद्रापाशी अनंत बसलेलं होतंच. पुढे १९३० साली १९ वर्षांचा चंद्रशेखर मुंबईहून बोटीनं इंग्लंडला निघाला आणि प्रवासातच त्यानं हिशेब मांडला: विझलेल्या ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या साधारण १.४ पटीपलीकडे गेलं तर श्वेतबटू (ताऱ्याचा विझत जाणारा, दाट गाभा) म्हणून तो तग धरू शकत नाही, कोसळतो. १९३५ मध्ये एडिंग्टन या इंग्लंडच्या बड्या खगोलशास्त्रज्ञानं भर सभेत त्याची टर उडवली. नोबेल मिळायला १९८३ उजाडलं.

तरीही पुष्कळांना वाटायचं की हे अनंत म्हणजे गणिताच्या सोयीसाठी तारा अगदी गोल धरल्याचा परिणाम असावा. खरा तारा ओबडधोबड असतो, त्याचे तुकडे केंद्राला चुकवून निघून जातील. ही आशा १९६५ मध्ये रॉजर पेनरोजनं संपवली. प्रकाशाला मागे ओढणारा पृष्ठभाग एकदा तयार झाला, की तारा कसाही असो, आतल्या कुणाची तरी वाट संपतेच, हे त्यानं सिद्ध केलं. त्या सिद्धतेच्या मुळाशी कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरी यांचं १९५५ मधलं समीकरण आहे. पेनरोजला २०२० मध्ये नोबेल मिळालं तेव्हा आपल्याकडे दोन दिवस रायचौधुरींची आठवण निघाली, मग दिवाळीचे फराळ आले.

शब्द नीट बघा: "वाट संपते". पेनरोजचा सिद्धांत तिथं अनंत घनतेचा गोळा ठेवलाय असं म्हणत नाही. केरनं, ज्याचं नाव खाली येणारच आहे, २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी नेमका याच मुद्द्यावर वाद घातला, की वाट संपते म्हणजे तिथं सिंग्युलॅरिटी आहेच असं कशावरून?

वर्महोल, म्हणजे बोगद्याची कल्पना मग आली कुठून?

खुद्द आइन्स्टाइनकडून. १९३५ मध्ये त्यानं आणि नेथन रोझेननं श्वार्झशिल्डचं उत्तर पूर्ण ताणून पाहिलं, तर त्याला दुसरं टोक निघालं: एका पुलानं जोडलेला अवकाशाचा दुसरा पदर. मराठीत याला कृमिविवर म्हणतात. फळात अळीनं पाडलेल्या भोकासारखं.

बोगदा सापडला म्हणून पेढे वाटायच्या आधी दोन गोष्टी. १९६२ मध्ये व्हीलर आणि फुलर यांनी दाखवलं की हा पूल टिकत नाही. तो इतक्या झपाट्यानं आवळला जातो की प्रकाशाचा किरणही या टोकाहून त्या टोकाला पोचत नाही. दुसरी गोष्ट आणखी पक्की. तो दुसरा पदर फक्त अनादी काळापासून असलेल्या कृष्णविवराच्या नकाशात येतो. खरं कृष्णविवर तारा कोसळून झालेलं असतं आणि नकाशाच्या ज्या भागात ते दुसरं तोंड असतं, तिथं ताऱ्याचंच द्रव्य असतं. म्हणजे बोगद्याचं पलीकडचं तोंड खणलेलंच नसतं.

१९८८ मध्ये किप थॉर्न आणि मायकेल मॉरिस यांनी उलटा हिशेब केला: बोगदा उघडा ठेवायचा तर काय लागेल? उत्तर आलं, ऋण ऊर्जेचं द्रव्य, जे गुरुत्वानं आवळण्याऐवजी ढकलेल. अतिसूक्ष्म पातळीवर ऋण ऊर्जा असते, पण माणूस जाईल एवढ्या बोगद्याला टेकू देण्याइतकी जमवायची कशी, हे कुणालाही ठाऊक नाही.

फिरणाऱ्या कृष्णविवरातून तरी वाट निघते का?

विश्वातली कृष्णविवरं फिरतात, त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. न्यूझीलंडच्या रॉय केरनं १९६३ मध्ये फिरत्या कृष्णविवराचं उत्तर काढलं आणि त्याचा नकाशा अगदी मोहात पाडणारा आहे. केंद्रातला बिंदू जाऊन तिथं कडं येतं. आत आणखी एक क्षितिज असतं. ते ओलांडलं की दोन 'पुढे' पुन्हा आपापल्या जागी येतात, कडं चुकवता येतं, आणि कागदावर तरी नवीन विश्वात बाहेर पडता येतं. तिथून पुढच्या विश्वात, तिथून त्याच्या पुढच्या. मुंबई-पुणे रेल्वेनं घाटात जसे एकामागून एक बोगदे लागतात, तसं.

अडचण आतल्या क्षितिजाशी आहे. बाहेरच्या विश्वाच्या उरलेल्या सगळ्या काळातला प्रकाश तिथं येऊन साचतो आणि त्याची ऊर्जा बेसुमार वाढते. १९९० मध्ये एरिक प्वासाँ आणि वेर्नर इस्राएल यांनी दाखवलं की यामुळे तिथली वक्रता भडकत जाते. नकाशात वाट आहे, पण ती फक्त पूर्ण रिकाम्या, कुणीही न शिरलेल्या कृष्णविवरात. तुम्ही पाऊल टाकलंत, एवढंच नव्हे तर एक किरण आत गेला, की दरड कोसळली. माझ्या मते केरच्या बोगद्याचा आता फक्त कथालेखकांना उपयोग आहे, आणि त्यांनी तो भरपूर केला आहे.

श्वेतविवर म्हणजे काय? कृष्णविवरातलं सगळं तिकडून बाहेर येतं का?

कृष्णविवराची फिल्म उलटी चालवा. ज्यात आत जाता येत नाही, फक्त बाहेर पडता येतं, ते श्वेतविवर. समीकरणांना काळाची दिशा उलटी केलेली चालते, म्हणून कागदावर ते आहे. आकाशात एकही खात्रीनं सापडलेलं नाही.

आता जी वाट मला स्वतःला सगळ्यांत रंजक वाटते ती. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला १९४९ मध्ये जन्मलेले अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये आइन्स्टाइनची समीकरणं वेगळ्या चलांत मांडली. त्यातून गुरुत्वाला अतिसूक्ष्म जगाचे क्वांटम नियम लावणारी लूप क्वांटम ग्रॅव्हिटी ही शाखा उभी राहिली. तिचं म्हणणं असं, की अवकाश सलग नाही. ज्वारीचं पीठ लांबून सलग दिसतं, चिमटीत धरलं की कण लागतात. तसं क्षेत्रफळालाही सगळ्यांत लहान कण आहे, त्याहून लहान तुकडा पडतच नाही. मग कोसळणारं द्रव्य आणि वक्रता अनंतापर्यंत जाणार कशी? एका मर्यादेला ती अडते.

२०१८ मध्ये अष्टेकर, हावियर ओल्मेडो आणि परमप्रीत सिंग यांनी याचा हिशेब कृष्णविवराच्या आतल्या भागासाठी केला. जिथं सिंग्युलॅरिटी होती तिथं एक संक्रमणाचा क्षण आला, आणि त्या क्षणानंतरचा भाग श्वेतविवरासारखा निघाला. वरचा बुधवार आठवा. जुन्या हिशेबात बुधवारनंतर कॅलेंडरच संपत होतं. या हिशेबात गुरुवार आहे.

कार्लो रोव्हेली आणि त्याचे सहकारी याहून पुढे जाऊन म्हणतात की हे श्वेतविवर दुसऱ्या विश्वात उघडायची गरज नाही. ते आपल्याच विश्वात, त्याच जागी, फार फार नंतर उघडेल. आत पडलेल्याच्या घड्याळात क्षणभर, बाहेर मात्र युगांमागून युगं, कारण तिथं काळच इतका मंदावलेला असतो. यातलं काहीही तपासलेलं नाही, आणि क्वांटम गुरुत्वाच्या इतर पंथांना ही मांडणी मान्य नाही. तरी 'पलीकडे'ला 'पुढे' असं धडपणे वाचणारी ही मांडणी आहे, म्हणून मला ती आवडते.

आपलं विश्वच एखाद्या कृष्णविवराच्या आत आहे, असं एका व्हिडिओत ऐकलं.

कल्पना जुनी आहे. १९७२ मध्ये राज पाथरिया यांनी ती शास्त्रीय नियतकालिकात मांडली. १९९२ मध्ये ली स्मोलिननं तिला फाटे फोडले: प्रत्येक कृष्णविवर नव्या विश्वाला जन्म देतं, आणि ज्या विश्वात कृष्णविवरं जास्त त्याची संतती जास्त.

व्हिडिओवाले एक आकडा हमखास दाखवतात: दृश्य विश्वातल्या सगळ्या वस्तुमानाची श्वार्झशिल्ड त्रिज्या काढली तर ती विश्वाच्या आकाराच्या घरातच येते. येते, बरोबर. पण विश्वाची भूमिती सपाट असेल तर हा मेळ आपोआप बसतो. त्यात गूढ नाही. शिवाय कृष्णविवरात सिंग्युलॅरिटी पुढे असते, आपल्या विश्वाचा महास्फोट मागे आहे. जुळवायचंच असेल तर आपलं विश्व श्वेतविवराशी जास्त जुळतं.

कृष्णविवर कधी संपतं का? आणि संपल्यावर आतलं कुठे जातं?

१९७४ मध्ये स्टीफन हॉकिंगनं दाखवलं की क्वांटम नियमांमुळे कृष्णविवरातून अत्यंत मंद उष्णता झिरपते. सूर्याएवढ्या कृष्णविवराचं तापमान केल्विनच्या कोटीव्या भागाहूनही कमी. सगळीकडे पसरलेली महास्फोटाची ऊबच २.७ केल्विन आहे, म्हणजे सध्या कृष्णविवरं गळण्यापेक्षा कमावताहेत जास्त. विश्व पुरेसं थंड झाल्यावर आटायला लागून संपायचं तर एकावर ६७ शून्यं एवढी वर्षं.

खरी पंचाईत पुढची. रद्दी जाळली तरी धूर, राख, ऊब सगळं नीट मोजलं तर तत्त्वतः कागदावर काय लिहिलं होतं ते परत काढता येतं. हॉकिंगच्या हिशेबात कृष्णविवराच्या उष्णतेत आत काय पडलं याची खूणच राहत नव्हती. क्वांटम भौतिकीत हे चालत नाही. २००४ मध्ये हॉकिंगनं माघार घेतली, माहिती बाहेर येते असं मान्य केलं आणि जॉन प्रेस्किल या भौतिकशास्त्रज्ञाशी लावलेली पैज हरल्याबद्दल त्याला बेसबॉलचा कोश दिला. २०१९ च्या सुमारास झालेल्या गणितांनीही कौल त्याच बाजूनं दिला. ती नेमकी कशी बाहेर येते, यावर अजून रणधुमाळी आहे. याच धुमाळीत समीर माथूर यांची 'फझबॉल' कल्पना आहे, जिच्यात कृष्णविवराला आतला भागच नसतो, सगळा तंतूंचा गुंता क्षितिजापर्यंतच. ती खरी ठरली तर या पानावरचे निम्मे प्रश्न बाद.

आपल्या पुराणांत याचा उल्लेख आहे का?

नाही. 'कृष्ण' म्हणजे इथं फक्त काळा. प्रकाशही सुटणार नाही अशा ताऱ्याची पहिली कल्पना इंग्लंडच्या जॉन मिशेल या पाद्र्यानं १७८३ मध्ये मांडली. भारतीयांचं काम अभिमान वाटावा असं आहे, पण ते विसाव्या शतकापासूनचं. रायचौधुरी आणि चंद्रशेखर वर आलेच.

पलीकडे काही आहे का, हे तपासायचा काही मार्ग?

एकच, आणि तो कानाचा आहे. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळतात तेव्हा नवीन कृष्णविवर टोल दिलेल्या घंटेसारखं थरथरतं आणि शांत होतं. हा नाद कसा विरतो याचं गणित बंगळूरूच्या सी. व्ही. विश्वेश्वरांनी १९७० मध्ये केलं, तेव्हा कृष्णविवर सापडलेलंही नव्हतं. क्षितिज खरंच एकदिशा असेल तर नाद विरतो तो विरतोच. क्षितिजाऐवजी आत बोगद्याचा गळा किंवा दुसरं काही असेल, तर तिथून लहरी परततील आणि मूळ नादामागून प्रतिध्वनी येतील.

हा नाद आपल्यापर्यंत आणणाऱ्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातले तरंग, पहिल्यांदा १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेत पकडल्या गेल्या. आतापर्यंत प्रतिध्वनीचा खात्रीलायक पुरावा नाही. सगळ्यांत स्पष्ट ऐकू आलेला संकेत १४ जानेवारी २०२५ चा, आपल्याकडे संक्रांतीची दुपार होती. तेहेतीसेक सूर्यांची दोन कृष्णविवरं मिसळली. आधी दोघांच्या क्षितिजांचं मिळून क्षेत्रफळ २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून कमी. नंतरच्या एकट्याचं सुमारे ४ लाख, महाराष्ट्राहून चांगलंच जास्त. क्षेत्रफळ (वर आलेली ती मंद क्वांटम गळती सोडली तर) कधी घटत नाही हा हॉकिंगचा १९७१ मधला नियम, तो पाळला गेला. नादही केरच्या कृष्णविवराचा असावा तसाच विरला.

पुढचा कान आपल्याकडेच बसणार आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहतेय, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. गोंगाटातून हा क्षीण नाद वेगळा काढायच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर यांनी आयुष्य घातलं. आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पंकज जोशी यांनी वेगळीच शक्यता धसाला लावली: तारा विशिष्ट प्रकारे कोसळला तर क्षितिजाचा बुरखा न पडताच सिंग्युलॅरिटी उघडी राहू शकते. तसं कुठं सापडलं तर 'तळ' बाहेरूनच दिसेल.

जाता जाता: १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत टोपणनावानं जी पहिली विज्ञानकथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं, तिचा विषयही कृष्णविवरच होता.

पृथ्वी कृष्णविवरात ओढली जाईल का?

नाही. ज्ञात असलेल्यांत सगळ्यांत जवळचं सुमारे १,५६० प्रकाशवर्षांवर आहे. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं तरी पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील. गारठून मरू, ती गोष्ट वेगळी.

ते जाऊ दे. आम्हाला एक तरी दाखवा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी, पाऊस सरल्यावर, डोक्यावरून जरा पश्चिमेला हंस तारकासमूह शोधा. शेपटीला डेनेब हा ठळक तारा, तिथून लांब मान चोचीकडे जाते. त्या मानेच्या साधारण मध्यावरच्या ताऱ्याच्या अगदी शेजारी, दुर्बिणीत नवव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसण्याइतका मंद, निळसर ठिपका दिसतो. नकाशा हाताशी नसेल तर तो शेजारच्या ठिपक्यांतून ओळखू येत नाही. आमच्या आठ इंची दुर्बिणीत तो आरामात येतो.

तो ठिपका म्हणजे कृष्णविवर नाही. तो एक भलामोठा तारा आहे, सुमारे ७,२०० प्रकाशवर्षांवर, आणि तो दर ५.६ दिवसांनी कशाभोवती तरी फेरी मारतो. त्या कशाच्या तरी जागी काहीच दिसत नाही. वस्तुमान मात्र २१ सूर्यांचं. हेच हंस एक्स-१. ते कृष्णविवर नाही अशी हॉकिंगनं १९७४ मध्ये थॉर्नशी पैज लावली होती, १९९० मध्ये तीही हरला.

मावळातल्या त्या मुलाला नंतर एकदा हा तारा दाखवला. बराच वेळ डोळा लावून होता. मग म्हणाला, "सर, हा फिरतोय कुणाभोवती?" मी म्हटलं, तेच. त्यानं पुन्हा डोळा लावला आणि मागच्या रांगेतली मुलं ओरडायला लागली तरी हटेना.